कातळावरचं पाल

—नाही साहेब, त्या गठ्ठ्याला हात नका घालू, ती ट्रकची ताडपत्री आहे, ती पाठीवर घेऊन डोंगर चढायचा तर आधी बैल व्हावं लागेल. या, इकडं खोक्यावर बसा. जरा अलीकडं सरका, तिथं वरून गळतं. दुकान ताडपत्रीवाल्याचं आणि छपरातून धार, सगळे हसतात मला, तुम्हीपण हसा — नाही हसत? बरं. तर काय म्हणालात, हलकं पाहिजे, थेंबभर पाणी आत यायला नको, आणि घडी घालून खांद्यावरच्या पिशवीत मावलं पाहिजे. म्हणजे पाल. तुम्ही टेंट म्हणालात, पिंपरीतली कंपनीची पोरं गुरुवारच्या सुट्टीला किल्ले चढायला जातात तीही टेंटच म्हणतात, पण आमच्या तोंडात पालच बसलंय. माझा बाप जत्रेतल्या दुकानदारांची पालं शिवायचा, मी हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्या शिवतो, आणि अधूनमधून असं एखादं पाल. तुम्हाला घाई नाही ना? नाही म्हणता, मग ठीक. माझं काम सावकाश असतं, आधीच सांगून ठेवतो. बरकतच्या दुकानात चहाला आलेला माणूस जेवूनच उठतो, असं स्टेशनवरचे टांगेवाले म्हणायचे. आता टांगे राहिले नाहीत, मी राहिलोय.

नमुना आणलाय? द्या बघू. चष्मा कुठं गेला — राहू दे चष्मा, शिवण डोळ्यांनी नाही बघायची, अंगठ्यानं बघायची. थांबा. अहो, ही तर माझीच थैली. पालाच्या वरची थैली, माझ्या हातची. हे बघा, इथं दुहेरी शिवण, आणि शेवटाला दोरा उलटा फिरवून आत दाबलाय. असा दोरा चिंचवडात दुसरं कुणी फिरवत नाही, आणि फिरवायचं काही कारणही नाही, बापाला सवय होती म्हणून मला लागली. कुठं मिळाली तुम्हाला? मित्रानं दिली. मित्राकडचं पाल तुम्हाला आवडलं, तस्संच दुसरं पाहिजे. बरं वाटलं, राव. खरंच बरं वाटलं. चाळीस वर्षं शिवतोय, शिवलेलं परत दारात आलं की मला वाटतं उसवलं म्हणून भांडायला आला माणूस. तस्संच दुसरं पाहिजे म्हणून आलेले तुम्हीच. ऐकलंत? चुकचुकली. आत, पडद्याच्या मागं. पाल आहे. आपल्या बोलीची गंमत बघा, ते पाल आणि ती पाल, एकात माणूस राहतो आणि दुसरी भिंतीवर राहते. शेजारच्या सुमनताई इथं असत्या तर लगेच बोटानं जमिनीवर टकटक करून कृष्ण कृष्ण म्हणाल्या असत्या — म्हणजे बोललेलं खरं होतं म्हणे, की खरं होत नाही, मला आठवत नाही. आमची मुमताज आधी हसायची, आता तीपण टकटक करते. शेजार तो शेजार.

तर कापड. तीन कापडं दाखवतो, घ्या ना हातात. हे रबर चढवलेलं. याच्यातून पाण्याच्या बापाला आत येता येत नाही, पण तुमचा श्वाससुद्धा बाहेर जात नाही. रात्रभर आत झोपलात की सकाळी तुमच्याच श्वासाचं पाणी तुमच्यावर टपटप. लोक म्हणतात गळलं. गळत नाही, माणूसच गळतो. हे दुसरं, पॅराशूटचं, खडकीच्या लष्करी लिलावात येतं. हलकं म्हणजे फुंकर मारली तर उडेल. पण पाणी गाळतं, चहाच्या फडक्यासारखं. आणि वाऱ्यात फडफड इतकी करतं की खालच्या गावाला कळावं वर कुणीतरी आहे. आणि हे तिसरं — हे सुती, घट्ट विणीचं, तुमच्या मित्राचं याच कापडाचं आहे. याला मी मेण पाजतो. मेण आणि जवसाचं तेल गरम करून ब्रशानं चढवायचं, सावलीत वाळवायचं, परत चढवायचं. पाणी वरून घरंगळतं, श्वास आतून जातो, आणि आवाज नाही. हात लावून बघा ना. नाही? राहू दे. नाही, मला जरा नवल वाटलं एवढंच. माझ्याकडं येणारा माणूस आधी कापड चिमटीत धरतो आणि मग नमस्कार करतो. ज्याला कळत नाही तोसुद्धा धरतो. तुम्ही आल्यापासून दारच बघताय. बाहेर जीपपाशी उभे आहेत ते तुमच्यातलेच ना? बोलवा की आत, भिजतायत. मुमताज, चहा टाक गं, तीन कप. नाही, ती बाहेर यायची नाही, गिऱ्हाईक असताना पडद्याबाहेर बोलायचं नाही हा आमच्यात नेम. माझाच नेम. लग्न झालं तेव्हा नवा धंदा होता, मी जरा ताठ होतो, म्हटलं गिऱ्हाईकासमोर हाक मारायची नाही. आता कोण पाळायला सांगतंय, पण ती पाळते.

हां, तर आता महत्त्वाचं. माप मागनं. मी आधी जमीन विचारतो. हसतात लोक, म्हणतात बरकतचाचा, पाल आभाळाखाली लावायचं, तुम्ही जमिनीचं काय घेऊन बसलात. पण पाल फाटतं ते आभाळानं नाही, जमिनीनं. काळ्या रानात खुंटी खोल जाते पण पावसानं ढिली होते, तिथं लांब खुंटी. मुरुमात आखूड आणि जाड. नदीकाठच्या वाळूत खुंटी धरतच नाही, तिथं खुंटीला चिंधी गुंडाळून आडवी पुरायची. जशी जमीन तसा काठ, जसा काठ तशी शिवण. म्हणून मी म्हणतो, जमीन सांगा, पाल शिवतो. तुमची जमीन कुठली? — मित्राची होती तीच. म्हणजे कातळ. मग तुम्हाला खुंट्या नकोतच. कातळात खुंटी ठोकायची तर सुरुंग लावावा लागेल. त्याच्या पालाला मी काठानं कप्पे शिवले, हाताच्या पंजाएवढे. तिथले दगड उचलायचे, कप्प्यांत भरायचे, बसलं पाल. जाताना कप्पे रिकामे करायचे, खाली काही खूण उरत नाही. खांबपण नाही. एका बाजूला उंबराचं झाड आहे आणि दुसऱ्या बाजूला कड्याची भिंत, मधे दोरी ताणायची, वरून पाल टाकायचं. सगळं मिळून बाळंतविड्याच्या गाठोड्याएवढं होतं. बाळंतविडा म्हटल्यावर लाजला होता तो.

नाव काय म्हणालात तुम्ही मित्राचं? नाही म्हणालात. मीपण नाही घेणार. नाव घ्यायचं नाही असं आमचं ठरलंय, आणि मी शब्दाचा पक्का आहे, माझा गळा दाबलात तरी नाव बाहेर यायचं नाही. तुम्ही मित्र, तुम्हाला ठाऊकच आहे, पण भिंतीलाही कान असतात. बघा, परत चुकचुकली. आज काय झालंय तिला.

पोरगा उस्मानाबादकडचा. पहिल्यांदा आला तेव्हा वळकटीचा पट्टा तुटला होता, तो शिवायला आला. स्टेशनवरून सरळ इथं. मी पट्टा शिवला, मुमताजनं भाकरी दिली, तेव्हापासून दर गुरुवारी येतो. आम्हाला मूलबाळ नाही, साहेब. असं सांगितलं की लोक गप्प होतात, तुम्ही आधीपासूनच गप्प आहात, ते एक बरं आहे. तर परवा गुरुवारी आला तो चहासुद्धा न घेता म्हणाला, चाचा, पाल तयार आहे का. तयार होतं. रंगाचं आधीच्या गुरुवारीच ठरलं होतं. मी म्हटलं हिरवं करतो, झाडीत मिसळेल. तो म्हणाला हिरवं नको, माणसं शोधायला आली की आधी झाडीतच शोधतात, कातळाकडं कोण बघतं. मग मेण चढवायच्या आधी मी कापड बाभळीच्या सालीच्या पाण्यात बुडवून काढलं, ओल्या कातळाचा रंग आला. दहा पावलांवरून तुम्हाला सांगता यायचं नाही कातळ कुठं संपला आणि पाल कुठं सुरू झालं. माझ्या हातून इतकं चांगलं काम झालेलं नाही कधी. पण दाखवणार कुणाला? ज्या कामाची खुबीच ही की ते दिसू नये, ते मिरवायचं कसं. म्हणून तुम्ही आलात तर — काय गं? दूध? उतू जातंय तर उतरव की. तूच बघ, मी गिऱ्हाईकापाशी आहे. बघा, आज तिनं नेम मोडला. दुधासाठी.

शोधायला कोण येणार म्हणता? तसं नाही — हां, आता तुम्ही मित्र आहात म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊकच असणार, मी काय वेगळं सांगणार. ती कंपनीतली गोष्ट. कुठली कंपनी ते मी सांगत नाही. ओतकामाची आहे, एवढंच. क्रेनच्या साखळीला तडा गेला होता, तो यानं मुकादमाला दाखवला. मुकादम म्हणाला चालतंय. दुसऱ्या दिवशी वितळलेल्या लोखंडाची बादली वर असताना साखळी तुटली. खाली दोन माणसं होती. दोन माणसं होती म्हणजे — घरच्यांना न्यायला काही राहिलं नाही, साहेब. आता वरचे म्हणतात साखळी धड होती, माणसंच पिऊन आली होती. तडा बघितलेला एकच माणूस आहे. सोमवारी पुण्याच्या कोर्टात तो उभा राहायचाय. सोमवारपर्यंत राहिला तर. नाही म्हणजे, राहील, राहणारच. खोलीवर राहायचं नाही असं वकिलानंच सांगितलं, कारण कंपनीच्या कंत्राटदाराची माणसं चाळीत दोनदा येऊन गेली, गोड बोलून गेली. गोड बोलणारा माणूस वाईट. तुमच्यासारखा न बोलणारा बरा.

आज शनिवार. मधे एक रविवार. काय वाजलं आत? वाटी पडली असेल. मुमताज, लागलं नाही ना?

कुठला कातळ? म्हणजे कातळ तो कातळच, काळा… हां, हां, बरोबर विचारलंत. उतार कुठल्या अंगाला आहे ते कळल्याशिवाय कप्पे कुठल्या बाजूला जास्त घालायचे ते ठरत नाही. आल्यापासून पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारलात बघा. त्याच्या पालाला उतार पश्चिमेला होता, म्हणून त्या काठाला कप्पे जास्त. उंबरदऱ्याचा कातळ सगळा पश्चिमेलाच कललेला आहे. कान्ह्याला उतरायचं लोणावळ्याच्या लोकलमधून, आत वाडीपर्यंत चालायचं, वाडीच्या मागं उंबरदरा. वाडीतली एक बाई आमच्याकडं रोज दूध घालायला येते, तीच त्याला वर भाकरी पोचवते. मुमताजनंच जमवून दिलं ते. मी नाही गेलो कधी वर, माझे पाय गेलेत, पण तिनं इतक्या वेळा सांगितलंय की जमीन मला पाठ आहे. जमीन माहीत असल्याशिवाय मी शिवत नाही, सांगितलं ना.

आता कशी शांतता आहे बघा. पालपण गप्प झाली. पाऊसही जरा थांबला. अशा वेळी सुई टोचल्याचा आवाज येतो.

तर तुम्हाला कितीजणांचं पाहिजे? बाहेरचे दोघं आणि तुम्ही, म्हणजे तिघांचं. तिघांचं म्हटलं की वजन वाढणार. नको? एकाचंच? मग बाकीचे दोघं कुठं झोपणार, जीपमध्ये? झोपायचंच नाही. आजच जाऊन आजच परत. अहो, मग पाल कशाला पाहिजे? हां, उद्धवलाच भेटायचंय फक्त, पाल काय नंतरही…

उद्धव म्हणालात.

नाही, काही नाही. मी घेतलं का नाव? मीच घेतलं असेल. बोलता बोलता निसटलं असेल, म्हातारपण हो, तोंडाला चाळण झालीय. घेतलं असेल. नाही का? तुम्हाला आठवतं मी घेतल्याचं? नाही आठवत. बरं. मित्र म्हटल्यावर नाव ठाऊक असणारच, त्यात काय एवढं. ही थैली… मला काय आठवलं, त्यानं थैली नेली नव्हती. थैलीतून नेलं तर लोक विचारतील काय आहे, म्हणून पाल वळकटीत बांधलं आणि थैली खोलीवर ठेवली. खोलीला कुलूप लावलं, आणि जाताना परत इथं येऊन किल्ली माझ्याकडं दिली, ही बघा, इथं खिळ्याला… हीच ती. गुरुवारपासून इथंच आहे. मी हललो नाही, ती हलली नाही.

नाही, विचारत काहीच नाही मी. मित्रांकडं दुसरी किल्ली असते. असतेच. बसा तुम्ही, उठू नका. चहा बघून येतो, एवढा वेळ लागत नाही तिला. बसा, साहेब. आलोच.

—आलो. चहाला वेळ आहे अजून. दूध खाली लागलं, वास येतोय ना? स्टोव्ह तसाच चालू राहिला होता. मुमताज — आत आहे. म्हणजे शेजारी गेलीय, दुसरं दूध आणायला, सुमनताईंकडं. येईल. पालही गेली वाटतं. मागचं दार उघडं होतं, तिथून गेली असेल बाहेर. बराच वेळ झाला असणार, मघापासून आवाज नव्हताच. मला मेल्याला कळलं नाही. ती पाल म्हणतोय मी. भिंतीवरची.

बसा ना. निघालात कुठं? उंबरदरा म्हटलं म्हणजे झालं असं नाही, साहेब, नुसत्या नावावर गेलात तर सोमवारपर्यंत फिरत राहाल आणि शेवटी गुरं राखणाऱ्याच्या हाती लागाल. तिथं वर जायला वाटा किती आहेत माहीत आहे? नाही ना. वाडीतली माणसं परक्याला सांगत नाहीत. मला पाठ आहे, मी सांगतो. तुम्ही मित्र, तुमची भेट व्हायलाच पाहिजे. लिहून नाही देता यायचं, मला अक्षर येत नाही, अंगठाच आहे माझा. पण खडू आहे. खडूनं मला काय वाटेल ते काढता येतं. ही ताडपत्री पसरा बरं, ते टोक धरा. दोघांना आत बोलवा, त्यांनीपण बघितलेलं बरं, एकानं एक ऐकलं आणि दुसऱ्यानं दुसरं की डोंगरात भांडणं होतात. या, या. बूट काढले नाहीत तरी चालेल. जीप बंद केली ना? तेल जळतं उगीच. एकानं त्या कोपऱ्यावर पाय ठेवा म्हणजे गुंडाळत नाही. असं. आता तिघंपण बसा. उभ्या माणसाला डोंगर दिसत नाही, त्याला नुसती रेघ दिसते.

हा डोंगर. हा असा. नाही, इतका उंच नाही, थांबा, पुसतो. खडू पुसला की मेणकापडावर काही राहत नाही, तीच खुबी आहे. हां. हा डोंगर, ही वाडी, हा ओढा. ओढ्याला पाणी असणार आज, तर जीप अलीकडंच ठेवायची. इथं मारुतीचं देऊळ. देऊळ ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं? अलीकडं. नाही — त्या बाईनं सांगितलं होतं, देवळातून घंटा वाजवली की ओढ्यापलीकडून तिची सासू ओरडते. म्हणजे पलीकडं. पुसतो. घाई करू नका, चुकीचं सांगितलं तर तुम्हीच परत येऊन मला शिव्या द्याल. देवळापासून तीन वाटा फुटतात. डावीकडची गुरांची, ती करवंदीच्या जाळीत शिरते आणि मरते. मधली दरडीखालून जाते, पावसाळ्यात तिथं कुत्रंही जात नाही. उजवीकडची लांब आहे, डोंगराला पूर्ण वळसा, पण हमखास. तुम्ही उजवीकडूनच जा. हो, लांब आहे. पण पोचलेलं बरं की लवकर निघालेलं बरं? माझा बाप म्हणायचा… बापाचं राहू दे म्हणता. बरं. राहू दे. पण चांगलं म्हणायचा तो.

कुठं होतो आपण? देवळापाशी. नाही, देऊळ पलीकडं केलं, म्हणजे ओढा ओलांडायला पाहिजे, तर ओलांडायचा कुठं ते आधी काढू. साहेब, हात सोडा. खडू मोडेल. एकच आहे. मी सांगतोच आहे, तुम्ही माझ्यावर चिडून मला वाट लवकर आठवणार आहे का? इतका वेळ बोललो तेव्हा तुम्हाला सावकाश चाललं, आता तेवढ्याच चालीनं बोलतोय तर राग. माझी एकच चाल आहे. इथं, या जांभळीपाशी ओलांडायचा. इथं पाणी घोट्याएवढं. पलीकडं एक पडका गोठा. गोठ्याच्या मागं —

ऐका.

भोंगा. लोणावळ्याची. आली म्हणजे. ही नेहमी फलाटाला लागते आणि जरा रेंगाळते… थांबली. आता चढतायत लोक. … सुटली. ऐका, सुटली बघा. या अल्ला. मिळाली असणार, त्या फलाटाला जिना चढावा लागत नाही, नाहीतर गुडघ्यानं तिला —

कुणाला? कुणालाच नाही. माझाच गुडघा म्हणत होतो मी. मी म्हणालो तिला? तिला म्हणजे गाडीला. गाडी मिळाली असेल लोकांना. मी म्हातारा, जोडून बोलायला गेलो की टाका चुकतो. नाही साहेब, आत जाऊन काय बघताय, आत करपलेलं दूध आहे आणि उघडं दार आहे. सुमनताईंकडं विचारून काय मिळणार, त्यांना काहीच ठाऊक नाही, त्यांना विचारलंत तर त्या कृष्ण कृष्ण म्हणतील. बसा. डोंगर अर्धा राहिलाय.

बरं, नका बसू. मग निघा. मी काही तुम्हाला धरून ठेवलेलं नाही. ती थैली मात्र ठेवून जा, ती माझ्या हातची आहे आणि ज्याची आहे तो सोमवारी न्यायला येणार आहे. इथं, किल्लीच्या खाली टांगतो.

काय झालं? दार कशाला ओढताय? उजेड जाईल. मला आधीच कमी दिसतं.

बरं, लावा. खालची कडी लागत नाही, वरची घाला. तिघंही आतच थांबताय ना? थांबा. तो खडू तेवढा उचलून द्या माझ्या हातात, तुमच्या बुटापाशी पडलाय. सांगतो सगळं. पहिल्यापासून सांगतो. मला काही घाई नाही.